लेखी

तोंडी हुकूम आला तेव्हा तांडेलबाई सुपारी कातरत होत्या.
भायखळ्याचं वॉर्ड ऑफिस, दुसरा मजला,
फोनमध्ये कुणीतरी वरचं.

यादी हवी होती.
मंगळवारी रात्री नऊच्या ठोक्याला
ज्यांनी ज्यांनी घरातले दिवे मालवले, त्यांची.
घोषणा नव्हती, झेंडा नव्हता,
गल्लीच्या गल्ली नुसती काळोखात बसली होती
पंधरा मिनिटं,
आणि तेवढंही वरच्यांना फार मोठ्यानं ऐकू गेलं होतं.
नावं कळवा, नळ तोडू.

बाई म्हणाल्या, कळवते की.
लेखी द्या.

आवाज चढवला नाही.
म्हाताऱ्यांना सांगायच्या ना,
आजोबा, हयातीचा दाखला आणा,
तोच सूर.

दुसऱ्या दिवशी एक माणूस आला, पांढऱ्या बुटांचा.
बाईंनी चहा मागवला, कोरा कागद पुढे सरकवला.
इथे विषय लिहा, इथे संदर्भ,
खाली सही, हुद्दा.
त्यानं पेन उघडलं. टोक टेकवलं.
बराच वेळ टेकवून ठेवलं.
मग उठला, आणि चहा तसाच.
कागदावर शाईचा एक ठिपका पसरत राहिला.
बाईंनी त्या ठिपक्याला आवक क्रमांक दिला:
चारशे सतरा.

हे खात्यात पसरायला वेळ लागला नाही.
गजा मोंडकर, चावीवाला,
तीस वर्षं रस्त्याखालचं पाणी हातानं फिरवणारा,
तोही विचारू लागला, कुठला व्हॉल्व्ह, कुणाच्या सहीनं?
नाहीतर खांदा धरलाय साहेब, चावी फिरत नाही.
आणि फिलोमिना टायपिस्ट
चष्मा घरी विसरू लागली.
रोज.

मी समोरच्याच टेबलावर होतो.
मला लेखी लागलं नव्हतं.
बाईंच्या आधी फोन माझ्याकडे आला होता
आणि मी सतरा नावं दिली होती, सुवाच्य अक्षरात,
खोली क्रमांकासकट.
अकरावं नाव हारुण पेटीवाल्याचं,
आमच्याच मजल्यावरचा.
माझ्या आईच्या ट्रंकेचं कुलूप त्यानं फुकट बसवून दिलं होतं.

त्याचा नळ नऊ दिवस कोरडा.
रोज पहाटे हंडा घेऊन आमच्या दारात.
बायको भरून द्यायची.
मी पेपरामागे.
एकच बातमी वाचत बसायचो, हंडा भरल्याचा आवाज येईपर्यंत.
त्याला माहीत होतं का?
तो म्हणायचा, भाऊ, तुमच्या घरचं पाणी गोड आहे.

बाईंची बदली झाली. तीही तोंडीच.
त्यांनी ती मात्र लेखी मागून घेतली, पोच दिली,
सुपारीचा डबा पिशवीत टाकला आणि गेल्या
मूषक विभागात.
तिथे पहाटे मेलेले उंदीर मोजतात, म्हणे.
एकशे सहा.
एकशे सातवा अर्धा होता,
तर बाईंनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: अर्धा.
तिथला साहेब हसला होता.
मग त्यानं जुन्या वह्या काढून पाहिल्या,
आणि हसणं थांबवलं.

आता त्यांच्या खुर्चीवर मी.
ड्रॉवरमध्ये सुपारीची चूर,
चारशे सतराचा कागद, ठिपका वाळून जांभळा पडलेला.
काल रात्री नऊला आमच्या खोलीतलं बटण
मीच बंद केलं. बायकोनं काही विचारलं नाही.
काळोखात पलीकडे हारुण खोकला.

आज साडेअकराला फोन वाजला.
वरचं कुणीतरी. यादी. ताबडतोब.
घसा कोरडा, तळहात ओला,
शब्द अर्ध्यात फाटला, तरी बाहेर पडला:
लेखी द्या.

पलीकडे शांत.
मग हळू, फार हळू,
नाव काय तुमचं?

मी सांगितलं. वडिलांचं नाव, आडनाव,
आडनावातला शेवटचा रफारही.
लिहून घ्या, म्हटलं.